निघण्याची संहिता : बालाघाटातील गाड्या आणि ऊसतोडीचे वाङ्मय

मराठीत ‘प्रस्थान’ हा शब्द पालखीसाठी राखून ठेवलेला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून हजारो कुटुंबे पश्चिमेकडे निघतात. त्यांच्या निघण्याला हा शब्द कोणी लावीत नाही. तेथे प्रचलित शब्दप्रयोग आहे तो ‘कोयत्याला जाणे’. वारकरी पंढरीला जातो, म्हणजे एका स्थळी जातो. ऊसतोड कामगार मात्र हत्याराला जातो. गंतव्य अहिल्यानगरचे असो, सांगलीचे असो वा बेळगावचे, भाषेने ते गाळूनच टाकले आहे. शिवाय नवरा-बायकोच्या जोडीलाही ‘कोयता’च म्हणतात. माणूस, साधन आणि दिशा या तिन्हींना एकच नाम पुरते, ही बाब समीक्षेने गांभीर्याने घ्यावयास हवी होती.

तसे फारसे घडलेले नाही. ऊसतोडीविषयीच्या लेखनाची चर्चा बहुधा फडापासून सुरू होते. योगीराज बागूल यांच्या ‘पाचट’ या आत्मकथनाचे शीर्षकदेखील फडातलेच आहे. कोपी, थंडी, पहाटेची तोड, मोळी, काटा या तपशिलांतून दुःखाचा प्रत्यय येतो आणि समीक्षा त्या प्रत्ययावर समाधान मानते. पण घर मोडून गाडीत भरले जाते तो अवकाश या वाचनात निसटतो. बाजरीचे पीठ, चटणी, ताडपत्री, दोन पातेली, बैलांना ठोकलेल्या पत्र्या, गाडीला बांधलेली शेळी. आणि मागे राहणारी म्हातारी व तिच्या स्वाधीन केलेले शाळकरी मूल. काय न्यायचे आणि कोणाला ठेवायचे याची ही निवड हाच या अनुभवाचा खरा कथनात्म गाभा होय. अलीकडे गाड्या-बैलही पुष्कळदा ट्रकमध्ये चढवून नेले जातात. त्याने निवड टळत नाही.

तयारीला स्वतंत्र वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाल्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिसुरी नदीकाठाहून ऑरेगन-कॅलिफोर्नियाकडे छताच्या गाड्यांतून निघालेल्या कुटुंबांसाठी मार्गदर्शिका लिहिल्या गेल्या. रॅन्डॉल्फ मार्सी याच्या १८५९ च्या पुस्तकात एका प्रौढ माणसाला ११० दिवसांसाठी लागणारी शिधासामग्री नोंदवली आहे : १५० पौंड पीठ, २५ पौंड खारवलेले मांस, १५ पौंड कॉफी आणि २५ पौंड साखर. ही यादी रूक्ष असली तरी तिला एक कर्ता आहे. गाडीचा मालक ती आपल्या हाताने, आपल्या भविष्यासाठी भरतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने त्या भविष्याला १६० एकरांचे मोजमापही दिले. (ती जमीन रिकामी नव्हती, ती मूळ रहिवाशांची होती, या यादीतील आत्मविश्वास त्या विस्मरणावर उभा आहे, हे विसरून तिचे कौतुक करता येत नाही.)

बालाघाटातील यादी अशी लिहिली जात नाही, कारण ती आधीच लिहिली गेलेली असते. येथील मूळ संहिता म्हणजे मुकादमाची वही. पावसाळ्यातच उचल घेतली जाते. ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात खर्च होते. गाडी भरली जाते तेव्हा येणारे सहा महिने अगोदरच वापरून झालेले असतात. म्हणजे तयारी हा या कथानकाचा आरंभ नव्हे, मध्य आहे. वाचक मात्र तिला आरंभ समजतो, आणि ऊसतोडीवरील कथा त्याच ठिकाणी सुरू करणारा लेखक कर्जाला पार्श्वभूमीत ढकलतो. कथेने काळाची मांडणी कुठून केली आहे हा केवळ तंत्राचा प्रश्न येथे उरत नाही.

या निघण्याला स्वतःचा वाङ्मयप्रकार का मिळाला नाही? एक कारण संभवते. प्रवासाचे पीठ दळताना म्हणायचा प्रकार मराठीत होता; तो म्हणजे ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. परंतु १९७२ च्या दुष्काळानंतर ऊसतोडीचे स्थलांतर वाढत गेले, त्याच काळात गावोगावी पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. सहा महिन्यांचे पीठ लागू लागले आणि ते दळतानाचे शब्द गेले. हा योगायोग असेल; तरी तो वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत येतो.

लिलियन श्लिसल यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या पश्चिमप्रवासी स्त्रियांच्या दैनंदिन्यांत गरोदरपणाचा उल्लेख जवळपास नाही; मूल जन्मल्यावरच ते वाचकाला कळते. तेथे निदान मौन वाचण्यासाठी दैनंदिनी आहे. बीडमध्ये ते मौन सरकारी आकड्यातून वाचावे लागते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या माहितीनुसार, जिल्ह्यातील पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळी आणि दुखणे यांमुळे बुडणारा दिवस दंडात मोजला जातो. अशा व्यवहारात पत्री मारलेले बैल आणि शस्त्रक्रिया झालेले शरीर एकाच तयारीत येतात. या ठिकाणी करुणरसाची परिभाषा अपुरी पडते. वहीची भाषा वाचता येणारा समीक्षक हवा.

अमेरिकेतील गाडी बहुधा परतण्यासाठी निघाली नव्हती. बालाघाटातील गाडी पाडव्याच्या आगेमागे परत येते. हिशेब होतो, बाकी निघाली तर ती पुढच्या हंगामाच्या उचलीत धरली जाते, आणि वहीत नवे पान लागत नाही.