पांढऱ्या मारुतीचं रसग्रहण

बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसते. या गाडीतली मला पहिल्यांदा आवडलेली गोष्ट ही. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन, शेजारी बॅटरी, पुढे रेडिएटर, दोन-चार रबरी पाइप, आणि मधल्या फटींतून भोरच्या गॅरेजच्या अंगणातली ओली खडी. हात घालायला जागा आहे. काय कशाला जोडलंय ते बोट फिरवत शोधता येतं.

मी मराठी शिकवते. दहावीच्या मुलांना रसग्रहण लिहायचं असतं: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मुलं चौकट पाठ करतात आणि कविता कुठलीही आली तरी तीच विशेषणं बसवतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगत आले आहे. एकेका शब्दाला हात लावून बघा, हा काढला तर काय ढासळतं ते पाहा. यंदा चार शनिवार मी माझ्या भाचीबरोबर एका जुन्या मारुती 800 शेजारी उभी राहिले, तेव्हा माझं हे सांगणं मला पत्र्यावर, रबरावर आणि तेलावर तपासता आलं.

गाडी 2008 ची, पांढरी. माझ्या भावाने लेकीसाठी 45,000 रुपयांत घेतली. वेल्ह्याच्या अलीकडे, तोरणा सतत डोळ्यांपुढे असणाऱ्या गावात आमचं घर आहे. आता तालुक्याचं नाव राजगड झालं असलं तरी घरात अजून वेल्हेच म्हणतात. भाचीची बारावी झाली, अठरा पूर्ण झाली, आणि कॉलेजसाठी रोज चेलाडी फाट्यापर्यंत जाणाऱ्या एसटीची वाट बघणं नको झालं. अठराच्या आधी तिच्या हातात किल्ली द्यायची नाही, हे भावाने आधीच ठरवलं होतं. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव महागड्या गाडीने दोन तरुण जीव घेतले आणि गाडी चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं, त्या दिवसापासून आमच्या घरात हा विषय जपूनच निघतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199 अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. पण भावाला कलमाची भीती नव्हती. त्याला त्या दोन मुलांचे आईबाप दिसत होते.

म्हणून ही गाडी. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली, आणि जानेवारी 2014 मध्ये शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत या देशातल्या किती घरांची पहिली चारचाकी हीच होती. तिच्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण तिचा सुटा भाग मिळाला नाही असं होत नाही. भोरमध्ये नसला तर पुण्यात नाना पेठेत असतोच, आणि तिची नस माहीत नसलेला मिस्त्री आपल्याकडे सापडणं अवघड.

पहिल्या शनिवारी भोरच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी पायाखालचं मॅट उचललं. खाली भाताचं तूस, ओलं होऊन काळं पडलेलं. आधीच्या मालकाने गाडीतून पोती नेली असणार. मावळातला पाऊस, खाचरांचा चिखल आणि ओलं तूस यांनी मिळून ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा खाल्ला होता. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि ते आरपार गेलं. मग त्यांनी भाचीच्या हातात एक लोहचुंबक दिलं. ‘बाहेरून फिरव, जिथं चिकटणार नाही तिथं लांबी आहे.’ तिने दारांवरून, मडगार्डवरून चुंबक फिरवलं. डाव्या मागच्या कोपऱ्यावर ते घसरून खाली आलं. वरून तो कोपरा सगळ्यात गुळगुळीत दिसत होता.

लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं म्हणजे काय, हे मला त्या क्षणी नेमकं कळलं. वृत्तात मात्रा कमी पडल्या की कवी एखादा ‘तो’, एखादा ‘की’ घालतो, त्याला आपण पादपूरक म्हणतो. कानाला ओळ पुरी वाटते, पण त्या जागी अर्थाचा पत्रा नसतो. कोपऱ्यावरची लांबी आम्ही तशीच राहू दिली, तिथे कुणाचा जीव अडकलेला नाही. पायाखालचा पत्रा मात्र मिस्त्रींनी कापून काढला, नवा वेल्ड केला आणि खालून अंडरकोट मारला. कुठली पादपूरकं चालतील आणि कुठली नाहीत, याचा त्यांचा विवेक मला फार मोलाचा वाटला. रंगाचा विषय भावाने काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘आधी थांबायचं बघू.’

टायर बघून मी स्वतः फसले असते. नक्षी जवळजवळ नवी होती. भाचीने बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचले: 2312. म्हणजे 2012 सालचा तेविसावा आठवडा. फार न चाललेला, पण उन्हात उभा राहून वाळलेला टायर. नीट पाहिल्यावर बाजूला केसासारख्या चिरा दिसल्या. असं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. बारा इंची रिमचे चार नवे टायर घेतले, त्यात बजेटचा मोठा वाटा गेला आणि सीट कव्हर राहून गेली. ती राहिलेलीच बरी.

दुसरा आणि तिसरा शनिवार ब्रेकचे. या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम. मागच्या एका चाकाचं व्हील सिलिंडर गळत होतं. दोन्हीकडची सिलिंडरं आणि ब्रेक शू नवे घातले, जुनं काळं तेल काढलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं, म्हणून गळो न गळो, ते ठरावीक काळाने बदलायचं असतं. मग हवा काढण्याचं काम. मिस्त्री चाकापाशी बसलेले, भाची पेडलवर. ‘दाब. दाब. धर!’ ते निपल सैल करणार, बारीक नळीतून तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येणार, निपल बंद, ‘सोड.’ पुन्हा ‘दाब. दाब. धर!’ लांबच्या चाकापासून जवळच्या चाकापर्यंत हीच लय. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पाय स्पंजात गेल्यासारखा खाली जातो आणि गाडी उशिरा थांबते. शेवटच्या चाकाला ती ओरडली, ‘आत्या, आता पेडल दगडासारखं लागतंय!’ वर्गात एखाद्या मुलीला शब्दाचं वजन कळतं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी तिथे पाहिलं.

बाकीची कामं झटपट झाली: टायमिंग बेल्ट, कूलंट, वायपरची रबरं, एक टाय-रॉड एंड, हॉर्नची वायर. सीट बेल्ट झटका देऊन ओढून पाहिले. पुढचा डावा अडकत नव्हता, तो बदलला.

या गाडीचं कौतुक करताना एक गोष्ट लपवायची नाही. हिला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, पत्रा पातळ आहे. समोरून मोठी गाडी आदळली तर ही वाचवणार नाही. म्हणून घरात नियम ठरले: परवाना पक्का झाला तरी पहिलं वर्ष अंधार पडल्यावर सातारा रस्त्याला लागायचं नाही, पावसाळ्यात वरंध घाटाचं नाव काढायचं नाही. तिने ते वाद न घालता मान्य केले. पायाखालचा पत्रा तिने हातात घेऊन पाहिला होता, म्हणून असेल.

मला या काळात देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार सारखे आठवत होते. सांगली जिल्ह्यातल्या, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावातल्या या लोहारकाम करणाऱ्या माणसाने भंगारातले भाग जमवून, सुमारे 60,000 रुपयांत, मुलाच्या हौसेसाठी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि पुढे त्यांना बोलेरो दिली. लोहारांनी आपल्या लेकरासाठी नवी ओळ रचली. आमच्याकडे ती प्रतिभा नव्हती. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली, बऱ्याच हातांतून मळून आलेली ओळ नीट वाचणं एवढंच आम्हाला जमण्यासारखं होतं. पण तेही लेकरासाठीच होतं.

शिकाऊ परवाना आला. पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावून, मी शेजारच्या सीटवर, आम्ही विंझरवरून मार्गासनीकडे निघालो. आवणीचे दिवस. खाचरांत माणसं वाकलेली, ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे चिखलावरून डांबरावर आलं की फरक थेट तळहाताला कळतो. तिने दोनदा गाडी बंद पाडली. एका चढावर हँडब्रेक धरून हाफ क्लचवर गाडी अलगद उचलली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, रस्त्याकडेच पाहत राहिली.

मार्गासनीला चहासाठी थांबलो. मी टपरीकडे वळले तर ती मागेच. गाडीभोवती फिरत, प्रत्येक चाकापाशी वाकून, हाताची मागची बाजू रिमजवळ नेत होती. मिस्त्रींनी तिला हे कधी शिकवलं, मला माहीत नव्हतं.

‘आत्या, मागचं डावं उजव्यापेक्षा गरम आहे. शू घासतोय बहुतेक.’

मी हात लावून पाहिलं. खरंच गरम होतं. तिने डिकी उघडली आणि पान्यांची पिशवी बाहेर काढली.