अस्मानी, सुलतानी आणि मराठी ग्रामीण कादंबरी : दुष्काळचित्रणाचे पुनर्वाचन

मराठी ग्रामीण कादंबरीच्या समीक्षेत दुष्काळाची जागा ठरून गेलेली आहे. कथानक, व्यक्तिचित्रण, भाषाशैली यांचा विचार झाल्यानंतर ‘निसर्गचित्रण’ या उपशीर्षकाखाली पाऊस, पिके, डोंगर, ओढे आणि शेवटी अवर्षण यांची नोंद घेतली जाते. प्रस्तुत लेखकाने आपल्या एम. फिल.च्या लघुप्रबंधात हेच केले होते. दुष्काळाला तेथे साडेतीन पाने मिळाली होती आणि ती ‘प्रादेशिक वातावरणनिर्मिती’च्या प्रकरणात होती. मार्गदर्शकांना वा परीक्षकांना त्यात काही गैर वाटले नाही. मलाही वाटले नाही. आज ती वर्गवारी चुकीची वाटते. ती का चुकीची वाटते आणि ती सोडून दिल्यास आपल्या परिचित कादंबऱ्या कशा वाचाव्या लागतील, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शेतीवर कोसळणाऱ्या संकटांची मराठी माणसाने फार पूर्वीपासून दोन गटांत विभागणी केली आहे : अस्मानी आणि सुलतानी. पाऊस न पडणे, गारपीट होणे, टोळधाड येणे ही अस्मानी. सारा, सावकारी, लूटमार ही सुलतानी. या विभागणीमागे एक नैतिक व्यवस्था आहे. सुलतानीला जबाबदार माणूस असतो, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार करता येते, प्रसंगी बंड करता येते. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या सुलतानीच्या विरोधात. अस्मानीला मात्र कोणी जबाबदार नसतो. तिच्यापुढे धोंडी मागायची, नवस बोलायचा, नाहीतर गाव सोडायचे. समीक्षेतील ‘निसर्गचित्रण’ हा कप्पा या अस्मानीचाच सुशिक्षित अवतार आहे, असे माझे मत आहे.

हवामानबदलाने नेमकी हीच सीमारेषा पुसली आहे. वातावरणाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो कोसळतो आणि दोन पावसांमधील खंड वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वर्षाची सरासरी पाहिली तर पाऊस ‘समाधानकारक’ असतो. सरासरीवर पीक येत नाही. सोयाबीनला फुले-शेंगा धरताना ऑगस्टमध्ये ओल लागते आणि काढणीच्या वेळी उघडीप लागते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उभी आणि काढणीला आलेली पिके पाण्याखाली गेली. या घटनांपैकी प्रत्येकीचा दोष एकट्या हवामानबदलावर टाकता येणार नाही. परंतु त्यांच्यामागील तापमानवाढ गेल्या दीडशे वर्षांतील कोळसा व तेल यांच्या ज्वलनातून आली आहे, याविषयी शास्त्रज्ञांत आता वाद उरलेला नाही. म्हणजे अस्मानातून जे येते त्यात आता सुलतानीचा अंश आहे. शिवाय ज्याच्या वाट्याला ते येते, त्या कोरडवाहू शेतकऱ्याचा त्या ज्वलनातील वाटा नगण्य आहे.

या प्रकाशात ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचावी. १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आलेली व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी औंध संस्थानातील एका धनगरवाडीत मास्तर म्हणून आलेल्या राजाराम सौंदणीकर या तरुणाच्या निवेदनातून उलगडते. शाळा भरू लागते, मास्तर वाडीचा होतो, सर्वांच्या श्रमातून तालीम उभी राहते. आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरे मरतात, माणसे जगायला म्हणून बाहेर पडतात, वाडी ओस पडते. या शेवटाविषयी आपल्या समीक्षेने ‘नियती’, ‘निसर्गापुढे माणसाची हतबलता’ असे शब्द वारंवार योजले आहेत. ते सर्वस्वी चुकीचे नाहीत. परंतु त्या शब्दांमुळे कादंबरीतील एक गोष्ट नजरेआड होते. बनगरवाडीचा दुष्काळ हा वाडीच्या जीवनक्रमात बसणारा दुष्काळ आहे. मेंढरे घेऊन जगायला जाणे ही माणदेशच्या पर्जन्यछायेतील लोकांची शतकांची रीत आहे. तिच्यात दुःख आहे तसे शहाणपणही आहे. जो जातो तो परतण्यासाठी जातो. मास्तर निघून जातो म्हणून त्याची गोष्ट संपते. वाडीची गोष्ट संपली असे कादंबरी कोठेही म्हणत नाही. वाचकाच्या मनात एक गृहीत शाबूत राहते, की पाऊस पुन्हा केव्हातरी येईल, मृगात येईल, आणि वाडी पुन्हा वसेल.

हे गृहीत म्हणजेच आपल्या ग्रामीण कादंबरीचे कालभान. तिचा काळ इंग्रजी महिन्यांचा नसतो, नक्षत्रांचा असतो. जूनच्या सात-आठ तारखेला मृग निघते, पेरणी होते. आर्द्रा-पुनर्वसूत पिके वर येतात. हस्ताच्या पावसावर रब्बीच्या ज्वारीची भिस्त असते. लग्न, यात्रा, उसनवारी, भांडणे, सगळे या चौकटीत बसते. त्याच कादंबरीत शेकूची बायको बैलाच्या जोडीला जुवाखाली खांदा देते, तो प्रसंग आपण दारिद्र्याचे वा स्त्रीच्या कष्टाचे चित्र म्हणून शिकवतो. तो तसा आहेच. पण तिला जुवाखाली कोण आणते? शेतीची वेळ आणते. ती वेळ हातची गेली तर वर्ष जाणार, हे त्या बाईला ठाऊक आहे. आणि वेळेवर पेरले तर उगवेल, हेही तिला ठाऊक आहे. तिच्या कष्टाला अर्थ आहे तो या खात्रीमुळे. आता या खात्रीखालची जमीन सरकली आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य राजस्थानातून पाऊस परतण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. एका शासकीय तक्त्यातील हा बदल कोरडा वाटतो. ज्याची ज्वारीची पेरणी, ज्याची सोयाबीनची काढणी त्या पंधरवड्यात येते, त्याच्या दृष्टीने तो पंचांग बदलण्यासारखाच आहे.

दोन वर्षांपूर्वी ‘बनगरवाडी’ शिकवत असताना द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, मृगाचा पाऊस म्हणजे नक्की केव्हाचा?” ती शेतकऱ्याची मुलगी होती. मी तारखा सांगितल्या. ती म्हणाली, “तारखा ठाऊक आहेत सर, पण आम्ही तर जुलैत पेरतो.” तिला कादंबरी कळली नव्हती असे नाही. तिच्या अनुभवात कादंबरीचा काळ उरला नव्हता, आणि हे मला माझ्या कोणत्याही संदर्भग्रंथात सापडले नव्हते.

येथे अमिताव घोष यांच्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) या पुस्तकाचा विचार करणे आवश्यक आहे, कारण इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांशी या विषयावर बोलताना तेच प्रथम पुढे येते. घोष यांचा आक्षेप असा की, आधुनिक कादंबरी संभाव्यतेच्या, दैनंदिनतेच्या पायावर उभी राहिल्यामुळे अकल्पित नैसर्गिक उत्पात तिच्या बाहेर राहिले. हा विचार मौलिक आहे, परंतु तो मराठी ग्रामीण कादंबरीला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे हवामान कधीच पार्श्वभूमीला नव्हते. ते पात्रासारखे वावरत आले आहे. आपली अडचण वेगळी आहे. आपल्या कादंबरीत हवामान आहे, पण ते ऋतुचक्राच्या रूपात आहे आणि चक्राचा स्वभाव परतण्याचा असतो. दुष्काळ हा त्या चक्रातील अपवाद म्हणून येतो. अपवादच जेथे नेम होऊ लागला, तेथे कथानकाची कोणती घडण चालेल, हा प्रश्न मराठी लेखकापुढे आहे. तो बंगाली वा इंग्रजी कादंबरीकाराच्या प्रश्नाहून निराळा आहे.

या प्रश्नाच्या जवळ पोहोचलेली कादंबरी म्हणून सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’चा (२००२) निर्देश करावा लागेल. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीचा नायक एकनाथ उच्चशिक्षित आहे. नोकरीसाठी संस्थेला द्यावयाचे पैसे नाहीत म्हणून तो शेतीत आहे. पत्नी अलकाला खेड्यातील हे जिणे मानवत नाही. भाऊ मधू गुप्तधनाच्या मागे लागतो. या मधूकडे समीक्षेने अंधश्रद्धेचा बळी म्हणून पाहिले. मला तो कादंबरीतील सर्वांत तर्कशुद्ध माणूस वाटतो, असे म्हटले तर ते धाडसाचे होईल. पण ज्या शेतीत बी, खत, मजुरी यांचा हिशेब कधीच जमत नाही, त्या शेतीत कष्ट करणे आणि जमिनीत धन शोधणे यांत संभाव्यतेचा फरक किती उरतो? याच बुलडाणा जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि तिच्या भाकिताकडे आजही शेतकरी कान लावून असतात. त्यांना हसण्यापूर्वी अनिश्चिततेत जगणाऱ्याला भाकिताची गरज का लागते, हे समजून घेतले पाहिजे. ‘बारोमास’चे यश असे की तिच्यात संकट एका ऋतूचे नाही, बारमाही आहे, शीर्षकच ते सांगते. मर्यादा अशी की तिचा रोख प्रामुख्याने बाजार, कर्ज आणि व्यवस्था यांवर, म्हणजे सुलतानीवर आहे. पाऊस तेथे अजून जुन्याच अर्थाने लहरी आहे. २००२ मध्ये यापेक्षा अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

पाण्याच्या बाबतीत मात्र कादंबऱ्यांपेक्षा एकोणिसाव्या शतकातील एक वैचारिक ग्रंथ आज अधिक समकालीन वाटतो. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पूर्ण झाला; १८७६-७८ चा भीषण दुष्काळ तेव्हा ताजा होता. फुल्यांनी त्या दुष्काळाला अस्मानी मानले नाही. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर शेतात येऊन जमीन सुपीक होत असे, ती व्यवस्था कशी मोडली आणि जंगलखात्याने गुराढोरांची चराई कशी बंद केली, याचा ते हिशेब मांडतात. लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पाणी जमिनीत मुरवावे, पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध घ्यावा, कालव्याचे पाणी प्रत्येक शेतास तोटीने मोजून द्यावे, असे उपाय ते सुचवतात. आपण हा ग्रंथ ‘वैचारिक गद्य’ या पेपरला लावतो आणि ‘बनगरवाडी’ ‘कादंबरी’च्या पेपरला. दोन्ही एकत्र वाचण्याची सोय अभ्यासक्रमात नाही.

फुल्यांची तोटी आठवण्याचे कारण असे की, पाणीटंचाई आणि पावसाची तूट या दोन गोष्टी एक नाहीत. १९७२ च्या दुष्काळात धान्य नव्हते, पण आडात बऱ्याच ठिकाणी पिण्यापुरते पाणी होते, असे जुनी माणसे सांगतात. २०१२-१३ मध्ये धान्य होते आणि पाणी नव्हते. मधल्या चाळीस वर्षांत बोअर आले, ऊस आला. बेसाल्टच्या कठीण खडकात मुळात पाणी थोडे मुरते; ते शेकडो फुटांवरून उपसले गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीच्या अतिवृष्टीने मांजरा धरण भरले. एकाच वर्षात एकाच जिल्ह्याने दोन्ही टोके पाहिली. या वर्षाची कादंबरी कशी लिहावी? दुष्काळाच्या कादंबरीचा शेवट पावसाने होतो, ही आपली सवय. येथे पाऊस आला आणि उभे पीक घेऊन गेला. शेवटचा पाऊसच जेथे आपत्ती ठरतो, तेथे सुटकेचा प्रसंग लेखक कोठे ठेवणार?

आसाराम लोमटे यांच्यासारख्या मराठवाड्यातील कथाकारांनी बदलत्या खेड्याची कथा समर्थपणे लिहिली आहे. त्यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सर्जनशील लेखनाकडून हवामानशास्त्राची अपेक्षा करू नये, हे मान्य. लेखक काय लिहितो ते त्याचे स्वातंत्र्य आहे. माझी तक्रार समीक्षेविषयी, म्हणजे आपणा प्राध्यापकांविषयी आहे. आनंद यादवांनी ग्रामीण साहित्याच्या स्वरूपाची आणि समस्यांची चर्चा केली, तेव्हा खेड्यातील अनुभवाची अस्सलता हा कळीचा मुद्दा होता. त्या काळात तो आवश्यकही होता. पण अस्सलता जोखण्यासाठी जी परिमाणे आपण घेतली, ती स्थिर निसर्गाची होती. गारपिटीचे वर्णन ‘वास्तवदर्शी’ आहे का, एवढेच आपण विचारले. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये हरभरा, गहू आणि द्राक्षबागा झोडपणारी गारपीट ज्याने पाहिली, त्या लेखकाला आपण कोणत्या परिमाणाने वाचणार आहोत? विमा, पंचनामा, अनुदानाची यादी, टँकरची फेरी, बोअरचा उधार हप्ता हे शब्द ज्या गद्यात येतात, ते गद्य आपल्याला अद्याप ‘अलंकारहीन’ वाटते.

यंदा महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेसाठी प्रश्नपत्रिका काढताना ‘बनगरवाडीतील निसर्गचित्रण सोदाहरण स्पष्ट करा’ हा नेहमीचा प्रश्न मी वगळला आणि त्याऐवजी, वाडीतील लोक कोणत्या खात्रीवर पेरणी करतात आणि ती खात्री आपल्या गावात आज कितपत उरली आहे, असे विचारले. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा प्रश्न साहित्याचा की भूगोलाचा, अशी शंका घेतली. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या आहेत. अनेकांनी कादंबरीविषयी थोडे आणि आपल्या शेताविषयी पुष्कळ लिहिले. गुण कसे द्यावेत, हे ठरवताना मला दोन दिवस लागले.