बेअरर चेकचा कवी

कविता दोन प्रकारच्या असतात, असं आमचं काउंटरवरचं मत आहे. एक क्रॉस केलेली आणि दुसरी बेअरर. क्रॉस केलेली कविता थेट प्राध्यापकांच्या खात्यात जमा होते. तुम्हीआम्ही ती उलटसुलट करून नुसती बघायची. बेअरर कविता मात्र ज्याच्या हाती पडेल त्यानं वटवावी. मंगेश पाडगावकरांनी जन्मभर बेअरर चेक फाडले, आणि मराठी माणसानं ते लग्नपत्रिकेपासून निरोपसमारंभापर्यंत जिथंतिथं वटवले.

टीकाकारांचा राग नेमका इथंच. सगळ्यांना कळतं म्हणजे सोपं, सोपं म्हणजे स्वस्त! बेरीज वरवर बरोबर दिसते. पण अस्मादिक बी.कॉम. असल्यामुळे ती खालून वर पुन्हा करून बघतात.

1929 साली वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या माणसाचा पहिला संग्रह, ‘धारानृत्य’, 1950 साली आला. पुढं श्रीनिवास खळे, यशवंत देव यांच्या चाली आणि अरुण दात्यांचा गळा लाभला, आणि कविता पुस्तक न उघडणाऱ्यांच्या घरातही रेडिओवाटे शिरली. विंदा करंदीकर आणि वसंत बापट यांच्याबरोबर गावोगाव काव्यवाचनं झाली. कविता ऐकायला लोक आपल्या पायांनी येतात, हे या तिघांनी सिद्ध केलं.

आता खर्चाची बाजू. चेक जरा जास्तच फाडले गेले, हे कबूल. पावसाळा आला की पापडाच्या जाहिरातीतही त्यांची कविता यायची. पाऊस एकच, कविता दरवर्षी नवी! काही ‘बोलगाणी’ तर बोलता बोलता संपतात. पण याच हातानं ‘सलाम’ लिहिली. 1978 साली त्या नावाचा संग्रह निघाला, 1980 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दिसेल त्या सत्तेपुढं वाकणारा आपला कणा या कवितेत असा काही दाखवलाय की वाचताना हात आपोआप पाठीकडं जातो. जगण्यावर प्रेम करा म्हणणाऱ्यानं जग पाहिलेलं नव्हतं, असं आता कोण म्हणेल?

आणि प्रेम? आपल्याकडं ते ‘जेवलास का?’, ‘स्वेटर घेतलास का?’ अशा किरकोळ सदरांखाली खतावलं जातं. प्रेमाच्या नावानं स्वतंत्र खातं उघडायची आपल्याला भारी लाज. पाडगावकरांनी ते उघडून दिलं, तेही घरगुती बोलीत. सगळ्यांचं प्रेम सारखंच, असं सांगणारी त्यांची ती प्रसिद्ध कविता लोक गुलाबाच्या चित्राखाली छापतात. पण तिच्यात एक गृहस्थ आहेत. बायकोवर प्रेमबिम कधी केलं नाही, तरी पाच मुलं झाली आणि काही अडलं नाही, असं ते अभिमानानं सांगतात. कवी त्यांच्याशी वाद घालत नाही. आपलंच पालुपद पुन्हा म्हणतो.

हे गृहस्थ घरोघरी आहेत. काव्यवाचनात त्या ओळीला तेच सगळ्यात मोठ्यानं हसत असणार. शेजारी बसलेली त्यांची बायको मात्र, मला वाटतं, थोडी उशिरा हसत असेल.

30 डिसेंबर 2015 रोजी पाडगावकर गेले. चेक अजून वटतायत.