‘देवराई’तला विश्वास आणि जालन्याची वाट

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट स्किझोफ्रेनियावरचा म्हणून ओळखला जातो. मला त्याचा गाभा थोडा वेगळा वाटतो. ज्याचा जगावरचा विश्वास उडाला आहे, त्याचा विश्वास मिळवायचा कसा, हा त्याचा प्रश्न आहे.

अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष आपल्या देवराईत गुंतलेला आहे. त्याच्याशी वाद घातला तर तो दुरावतो; हो ला हो केले तर आजाराला बळ मिळते. बहीण सीना हिच्यापुढचा पेच हाच आहे. तिच्या धडपडीतून मला एक सूत्र हाती लागते: भासाला दुजोरा द्यायचा नाही, पण त्यामागची भीती खोटीही ठरवायची नाही. भीती खरीच असते.

हे सूत्र जालना जिल्ह्यात आणून पाहिले की चित्रपटाची मर्यादाही दिसते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये. दशकानुदशके मराठवाड्याच्या वाट्याला एकही आले नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले सैलानी मात्र जवळचे. तिथे जाणाऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण तिथे कागद मागत नाहीत, आणि घरचे माणूस रुग्णाजवळच राहू शकते. विश्वास बसायला एवढेही पुरते.

उलट दवाखान्याची वाट अनेकदा खोट्यापासून सुरू होते. ‘देवाला जाऊन येऊ’ म्हणत जीपमध्ये बसवायचे आणि दवाखान्याच्या दारात उतरवायचे. पुढे गोळी वरणात कालवायची. ‘मला विष घालतात’ असा ज्याचा संशय, त्याला ताटात गोळी सापडली तर त्याचा भास आपणच खरा करून दाखवतो. घरच्यांचा हेतू प्रेमाचा असतो. पण नंतर त्यांच्या हातचे पाणीही तो घेत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्कही दिला. बऱ्या दिवसांत विचारून ठेवायचे आणि वाईट दिवसांत तो शब्द पाळायचा, असा मी त्याचा अर्थ लावतो. ‘देवराई’ने नात्याच्या पातळीवर जे शोधले, त्याला कायद्याने तेरा वर्षांनी भाषा दिली.

तरी सीनाची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न उरतोच. मंठा-घनसावंगीकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. रुग्ण सोबत गेला तर गोळ्या तुटतात, मागे राहिला तर माणूस तुटतो. जालन्यासाठी मनोरुग्णालय मंजूर झाले आहे, हे स्वागतार्हच. पण फडावरून परतलेल्या रुग्णाला त्याच खोलीत तोच डॉक्टर भेटला आणि मागच्या वेळी काय बोलणे झाले ते त्याला आठवत असले, तरच त्या इमारतीला विश्वास लाभेल.