लंगोटातलं पोस्टर आणि पाण्यातलं पदक

‘चंदू चॅम्पियन’चं पहिलं पोस्टर आठवतंय? लाल लंगोट, पिळदार अंग आणि जीव तोडून धावणारा कार्तिक आर्यन. जून २०२४ मध्ये सिनेमा आला तेव्हा माझ्या फीडवर सिनेमाच्या गोष्टीपेक्षा हिरोने चरबी किती उतरवली याचेच रील जास्त फिरत होते. मला खटकलं ते हेच. मुरलीकांत पेटकरांनी सुवर्णपदक मिळवलं ते या पोस्टरवरच्या शरीराने नव्हे.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात, ईएमईमध्ये गेले आणि तिथे बॉक्सर झाले. ठोसा हाताने मारतात असं आपल्याला टीव्हीवर बघताना वाटतं. खरं तर जोर मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कमरेत वळतो, खांद्यातून मुठीत उतरतो. बॉक्सरची कमाई म्हणजे त्याचे पाय. १९६५ च्या युद्धात गोळी कण्यात शिरली आणि नेमकी हीच कमाई गेली. विशीतच बॉक्सिंग संपलं.

मग उपचार म्हणून पोहणं आलं. १९७२ चं पॅरालिम्पिक म्युनिकऐवजी हायडेलबर्गला झालं. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण.

कबीर खानचा सिनेमा या दोन आयुष्यांना एकाच जिद्दीच्या दोरीत ओवतो. विजय राजचा टायगर अली रिंगणातही असतो आणि पाण्याकाठीही. बघायला छान वाटतं. पण त्यामुळे बॉक्सिंगचं जाणं फक्त एक अडथळा ठरतं, पुढच्या पदकाने भरून निघणारा. मी कोड लिहितो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: हा जुन्या प्रोग्रॅमला लावलेला पॅच नव्हता, दुसऱ्या मशीनवर शून्यापासून लिहिलेला प्रोग्रॅम होता. पाय साथ देत नसताना पाण्यात तोल कसा धरायचा, हे बॉक्सिंगने शिकवलेलं नसतं. ते नव्याने शिकावं लागतं. ही शिकण्याची मेहनत मला पडद्यावर जास्त हवी होती.

सिनेमाचा चांगला भाग आहे पोलीस ठाण्याचा. अर्जुन पुरस्कार नाकारला म्हणून म्हातारा मुरली थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायला येतो आणि श्रेयस तळपदेचा इन्स्पेक्टर चक्रावतो. तिथे म्हातारा बिचारा वाटत नाही, हट्टी आणि हिशेबी वाटतो. हक्क मागणारा माणूस प्रेरणादायी असलाच पाहिजे असं नाही, हे त्या प्रसंगांना कळलंय.

प्रत्यक्षात पद्मश्री आला २०१८ मध्ये. अर्जुन (जीवनगौरव) जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, सिनेमानंतर. म्हणजे सिनेमाने काम केलं, हे मान्य. पण ५२ वर्षं जुन्या पदकाकडे लक्ष वेधायला एका धडधाकट हिरोचं पोस्टर लागलं, हेही मान्य करू.

आमच्या मालवणात चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते. दिव्यांग पोहणारेही उतरतात. किनाऱ्यावरचे लोक त्यांना बघून ‘काय जिद्द!’ म्हणतात. पुढच्या वेळी त्यांची वेळ किती लागली, तेही विचारा.