संमती आणि हस्तश्रम : रेझोल्यूट बे येथील नगरयोजनेचे परीक्षण

रहिवाशांचे मत विचारून वस्ती आखणे आणि रहिवाशांच्या हातून वस्ती घडणे या दोन भिन्न गोष्टी होत. राल्फ अर्स्किन (1914–2005) यांच्या उत्तरेकडील कार्याचे मूल्यमापन करताना हा भेद नजरेआड करता येत नाही.

जन्माने इंग्रज असलेले अर्स्किन 1939 मध्ये स्वीडनला गेले. तेथे लिस्मा या गावी त्यांनी सुमारे 20 चौरस मीटरांचे घर स्वतःच्या हातांनी बांधले. उत्तरेच्या भिंतीला सरपणाची रास रचून थंडी अडविली. पलंग दिवसा छताशी ओढून घेण्याची सोय केली. येथे आखणारा, बांधणारा व राहणारा एकच होता. चुकीची झळ ज्याला लागावयाची, तोच ती सुधारण्यास समर्थ होता.

1973 मध्ये कॅनडातील रेझोल्यूट बे येथील नगरयोजना त्यांच्याकडे आली, तेव्हा परिस्थिती सर्वस्वी निराळी होती. कॉर्नवॉलिस बेटावरील या वृक्षहीन भूमीत 1953 मध्ये शासनानेच इन्युइट कुटुंबांना दुरून आणून वसविले होते. त्याबद्दल शासनाने 2010 मध्ये क्षमायाचना केली. इन्युइटांचे गाव आणि विमानतळावरील दाक्षिणात्य नोकरवर्गाची वसाहत यांत काही किलोमीटरांचे अंतर होते. उत्तरेचा वारा अडविणारी सलग, वक्राकार इमारत उभारून तिच्या कुशीत दोहोंना एकत्र आणावे, अशी अर्स्किन यांची कल्पना होती. त्यांनी रहिवाशांच्या सभा घेतल्या. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि एकत्रीकरणाचा मूळ निर्णय आणि द्रव्यबळ ही दोन्ही शासनाच्या हाती होती. साहित्य अल्पकालीन उन्हाळ्यात जहाजाने यावयाचे. हिमसुरीने ठोकळे कापून, ते सर्पिलाकार चढत्या थरांत रचून, काही तासांत निवारा उभारणाऱ्या समाजाला या योजनेत मतदात्याचे स्थान मिळाले, बांधणाऱ्याचे नव्हे. हिमगृहाकडे परतावे, असा याचा अर्थ नाही. गोठलेल्या भूमीवरील पायाला आधुनिक तंत्र हवेच. परंतु ते तंत्र रहिवाशांच्या हाती उतरले नाही, तर पुढील दुरुस्तीसाठीही ते परावलंबीच राहतात.

त्या दशकाच्या अखेरीपूर्वी काम थांबले आणि नियोजित इमारतीचा काही भागच उभा राहिला. शासनाचे मन बदलताच योजनेचा आधार गेला. तिला पुढे नेणारे स्थानिक हात तयारच झाले नव्हते. लिस्मा येथील लहानशा घराने जे शिकविले होते, ते या मोठ्या आराखड्यात उतरले नाही, हाच त्यातील मूलभूत दोष होय.