देवळालीचा ताप : एका विलायती शेऱ्याची चिकित्सा

इंग्रजी बोलीत 'डूलॅली' असे एक विशेषण रूढ आहे. ज्याचे डोके ठिकाणावर नाही, जो भ्रमिष्टासारखा वागतो, तो डूलॅली. फुटबॉलच्या पंचाने भलताच निर्णय दिला, एखाद्या मंत्र्याने विचित्र धोरण जाहीर केले किंवा घरातील वृद्धाला नावे आठवेनाशी झाली, तरी इंग्रज माणसाच्या तोंडी हा एकच शब्द सहज येऊ शकतो. तो उच्चारताना नाशिकजवळच्या एका गावाचे नाव आपण घेत आहोत, याची जाणीव त्याला बहुधा नसते. ते गाव देवळाली होय.

विचारपूर्वक मांडलेल्या मतांची चिकित्सा होते. उडत्या मतांची मात्र सहसा होत नाही, कारण ती कोणी गंभीरपणे घेतलेली नसतात. परंतु गंभीर ग्रंथ कपाटात राहतात आणि उडता शेरा भाषेत मुरतो, असा अनुभव आहे. एका लष्करी ठाण्याविषयीचा असाच एक शेरा प्रथम शब्दात, मग दूरचित्रवाणीवरील प्रहसनात आणि त्याच्या पाठोपाठ एका लोकप्रिय गाण्याच्या यशात कसा उतरला, हे पाहणे म्हणूनच निरर्थक ठरू नये.

शब्दाची जन्मकथा साधी आहे. १८६० नंतरच्या दशकात देवळालीला लष्कराचे ठाणे वसले. विलायतेहून येणारे आणि सेवेची मुदत संपवून परत जाणारे गोरे शिपाई तेथे मुक्कामास ठेवीत. मुंबईहून सैन्य नेणारी जहाजे वर्षभर सुटत नसत. त्यांचा हंगाम साधारणतः हिवाळ्यापासून मार्चपर्यंतचा. ज्याची मुदत मार्चनंतर संपे, त्याला पुढल्या हंगामापर्यंत देवळालीत बसून राहावे लागे. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींत या मुक्कामाचे वर्णन आहे. मुदत संपलेल्या शिपायांपाशी शस्त्रे नसत, अधूनमधून एखादी कूच सोडली तर काम नसे, वेळ खायला उठे, आणि वर्षानुवर्षे नेकीने नोकरी केलेली माणसेही तेथे गुन्हे करून शिक्षेस पात्र होत, असे तो सांगतो. या अवस्थेला शिपायांनी 'डूलॅली टॅप' असे नाव दिले. पहिल्या महायुद्धानंतर लष्करी बोलीचे जे कोश निघाले त्यांत हा शब्दप्रयोग नोंदला गेला. पुढे 'टॅप' गळला आणि गावाचे नाव तेवढे उरले.

यातील 'टॅप' म्हणजे आपल्याकडील 'ताप'. मराठी वाचकाला येथे थोडे थांबावेसे वाटेल. 'डोक्याला ताप' हा प्रयोग मराठीत नित्याचा आहे. ज्वर आणि उपद्रव हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात सांभाळले आहेत. गोऱ्या शिपायाने 'ताप' कोणाकडून उचलला हे सांगता येणे कठीण, पण उचलताना त्याने तो गावाच्या अंगावर टाकला. ताप जहाजांच्या वेळापत्रकाचा होता आणि माणसांना सहा-सहा महिने निरुद्योगी ठेवणाऱ्या कारभाराचा होता. दोष मात्र देवळालीच्या माथी बसला.

त्यातला विपर्यास असा की मुंबईच्या पारशी, गुजराती व इतर मध्यमवर्गीय कुटुंबांना हीच देवळाली हवापालटाचे ठिकाण म्हणून माहीत होती. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंचीवरची कोरडी हवा आणि रेल्वेची सोय यांमुळे तेथे आरोग्यभवने उभी राहिली. आजारातून उठलेला मुंबईकर जेथे प्रकृती सुधारावयास जाई, तेथेच गोरा शिपाई भ्रमिष्ट होई. हवा एकच होती. एकाला परतीचे तिकीट हातात घेऊन यावयाचे होते, दुसऱ्याला ते मिळेपर्यंत थांबावयाचे होते.

हा शेरा मागे पडला असता, तर भाषाशास्त्राच्या टिपेपलीकडे त्याला महत्त्व राहिले नसते. परंतु ३ जानेवारी १९७४ रोजी बीबीसीने 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका सुरू केली आणि ती १९८१ पर्यंत चालविली. एकंदर ५६ भाग झाले. 'काय हा उकाडा, आई!' अशा घरच्या पत्रातल्या तक्रारीचा भाव त्या शीर्षकात आहे. काळ १९४५ चा, स्थळ देवळाली, पात्रे तोफखान्यातील करमणूक-पथकाची. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट हे दोघेही युद्धकाळात सैन्यात होते. पेरी स्वतः देवळालीच्या तोफखाना-केंद्रात होते आणि तेथील करमणूक-पथकात त्यांनी कामही केले होते. म्हणजे ही मालिका ऐकीव माहितीवर रचलेली नाही. तिच्या गुणदोषांचा विचार करताना ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी.

मालिकेचे सामर्थ्य तिच्या पथकात आहे. स्त्रीवेष घेऊन गाणाऱ्या, लढाई टाळण्यासाठी नाटके करणाऱ्या तरुण शिपायांचा तिटकारा करणारा सार्जंट-मेजर विल्यम्स, आणि ज्यांना कारभारातले काहीच उमगत नाही असे कर्नल रेनॉल्ड्स व कॅप्टन ॲशवुड, या त्रयीतून साम्राज्याच्या लष्करी डौलाचा पुरता फज्जा उडतो. विंडसर डेव्हिस यांची गर्जना आणि बुटक्या 'लॉफ्टी'च्या भूमिकेतील डॉन एस्टेल यांचा कोवळा आवाज यांची जोडी प्रेक्षकांना इतकी भावली की, 'इंक स्पॉट्स' या अमेरिकन गायकवृंदाने १९४० साली लोकप्रिय केलेले 'व्हिस्परिंग ग्रास' हे गाणे दोघांनी पात्रांच्या सोंगातच ध्वनिमुद्रित केले आणि जून १९७५ मध्ये ते ब्रिटिश गीतांच्या क्रमवारीत तीन आठवडे पहिल्या स्थानी राहिले. देवळालीच्या नावाने रचलेल्या छावणीतून निघालेले हे यश आहे, हे नाशिककराला फारसे ठाऊक नाही. ठाऊक असते तरी त्यात त्याला स्वतःचे असे काही सापडले नसते.

मालिकेचे खरे वैगुण्य येथेच आहे. तिच्यात देवळाली नाही. बाह्य चित्रण इंग्लंडमध्येच झाले, हा अर्थातच मोठा दोष नव्हे. १९६८ चा 'कॅरी ऑन अप द खैबर' हा चित्रपटही वेल्सच्या डोंगरांत चित्रित झाला होता. दोष आहे तो कल्पनेचा. 'द रोड टू बन्नू' आणि 'किडनॅप्ड इन द खैबर' ही दोन भागांची शीर्षके पाहिली तरी ही छावणी सह्याद्रीच्या पायथ्याशी नसून कोठेतरी सरहद्दीजवळ असावी, असा समज व्हावा. गोदावरी, त्र्यंबक, यात्रेकरू, द्राक्षबागा, भगूरचा बाजार यांपैकी कशाचीही सावली तिच्यावर पडत नाही. हिंदी पात्रे मुख्यतः तीन : बेअरर रंगी राम, चहावाला महंमद आणि पंखेवाला रमझान. तिघांपैकी एकही मराठी नाही. पाचव्या मालेपासून पथकाला ब्रह्मदेशातील टिन मिन या काल्पनिक गावी हलविण्यात आले आणि मालिकेचे काही अडले नाही. जे स्थळ निम्म्यावर टाकून देता येते, ते कथेत मुळात किती होते, याचा निराळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

रंगी रामच्या पात्राकडे मात्र अधिक बारकाईने पाहावयास हवे. तो स्वतःला इंग्रजच समजतो. बोलताना 'आम्ही ब्रिटिश' हा त्याचा सूर असतो आणि आपल्याच देशबांधवांवर तो साहेबी रुबाब गाजवितो. प्रेक्षकांकडे वळून तो एखादी 'प्राचीन हिंदू म्हण' सांगतो. ही म्हण अर्थात लेखकद्वयाची असते. विनोद म्हणून ती चालून जाते, पण म्हण म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला ती पोकळ वाटते. म्हण ही शेती, स्वयंपाकघर, व्यापार, सासुरवास अशा प्रत्यक्ष व्यवहारातून घासून निघालेली असते. मराठी म्हणींत पीठ, जाते, तेली, कुंभार, सून यांची गर्दी आहे. रंगीच्या म्हणीला असा कोणताच संसार नाही. 'पौर्वात्य शहाणपण' असे ज्याला म्हणतात त्याची ती नक्कल आहे, आणि ती नक्कल हुबेहूब वठली आहे, एवढे मान्य करावे लागेल.

या भूमिकेवरून ब्रिटनमध्ये पुढे वाद झाला. मायकेल बेट्स हे गोरे नट चेहरा काळवंडून रंगी रामचे काम करीत. त्यांचा जन्म झाशीचा, त्यांना उर्दू चांगले येत असे आणि युद्धात ते गुरखा सैनिकांबरोबर ब्रह्मदेशात होते. त्यांचे समर्थक याच गोष्टींवर भर देतात. रंगाची ही प्रथा त्या काळच्या ब्रिटिश करमणुकीत नवी नव्हती. अहमदनगरात १९१८ साली जन्मलेल्या स्पाइक मिलिगन या थोर विनोदकारानेही १९६९ च्या 'करी अँड चिप्स' मध्ये तेच केले होते. बीबीसीने पुढे ही मालिका आपल्या मुख्य वाहिन्यांवर पुन्हा दाखविण्याचे टाळले. पेरी यांना मात्र ती आपल्या व क्रॉफ्टच्या लेखनातील सर्वांत विनोदी मालिका वाटत असे, आणि ते तसे बोलूनही दाखवीत.

दोन्ही पक्षांचा युक्तिवाद रंगापाशी अडकला आहे. बेट्स यांच्या जागी एखादा हिंदी नट असता, तर आक्षेप बराचसा मावळला असता. पण म्हण तशीच पोकळ राहिली असती आणि छावणीच्या कुंपणाबाहेर काय चालले आहे याचा पत्ता लागला नसता. १९४५ च्या जून-जुलैत सिमल्याला वाटाघाटी फिसकटल्या, नोव्हेंबरात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात नाविकांनी उठाव केला. मालिकेतही एक बंड आहे, ते पंखेवाल्यांचे. त्या भागाचे शीर्षकच तसे आहे. हा उपहास साम्राज्याचा की बंडाचा, याचा निर्णय लेखकांनी केलेला नाही. पीटर निकोल्स यांचे 'प्रायव्हेट्स ऑन परेड' हे १९७७ चे नाटक अशाच पथकावर, पण मलायाच्या पार्श्वभूमीवर बेतलेले आहे. त्यात गाणी आहेत, स्त्रीवेषही आहे, परंतु बाहेरचे युद्ध आत येते आणि माणसे मरतात. विनोदाला किंमत मोजावी लागते तेव्हा स्थळ आपोआप खरे होते.

तरीही मालिकेच्या अखेरच्या दृश्याला न्याय दिला पाहिजे. श्रेयनामे सरकत असता चहावाला महंमद 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे साम्राज्याचे गौरवगीत गाऊ लागतो आणि सार्जंट-मेजर ओरडून त्याला गप्प करतो. ढाक्यात जन्मलेल्या डिनो शफीक यांचा गोड आवाज आणि ती आरोळी यांच्यामध्ये, लेखकांच्या मनात असो वा नसो, पुष्कळ काही सांगून जाते. साम्राज्याचे गाणे ज्याने मनापासून म्हणावे त्यालाच ते म्हणण्याची परवानगी नाही. एवढ्या एका क्षणापुरता उडता शेरा स्वतःवर उलटला आहे.

नाशिकच्या परिसरातून उलट दिशेनेही मते गेली आहेत, आणि तुलनेसाठी त्यांचा विचार उपयोगी पडेल. छावणीला लागूनच असलेल्या भगूर येथे १८८३ साली जन्मलेल्या वि. दा. सावरकरांनी लंडनच्या मुक्कामात, १९०६ पासून, मराठी पत्रांसाठी बातमीपत्रे लिहिली. ती राजकीय प्रतिपक्षाने लिहिलेली आहेत व त्यांत पक्षपात भरपूर आहे. तथापि ज्या समाजाविषयी लिहावयाचे त्याची वर्तमानपत्रे वाचून, त्याच्या पुढाऱ्यांची नावे घेऊन ती लिहिली गेली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले ते चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना ते अनाहूतपणे भेटले, वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले. १९१४ साली ते पुन्हा गेले, तेव्हा विलायतेत राहून चित्रपट काढण्याची सूचना त्यांना झाली आणि ती त्यांनी नाकारली. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिताना हा सर्व अनुभव त्यांच्यापाशी होता. तिची भाषा सैल आहे आणि आत्मप्रौढीही तिच्यात आहे. पण तिच्यातील इंग्रज माणसाला नाव आहे, पत्ता आहे आणि धंदा आहे. गरजू विद्यार्थ्याला यजमान नीट पाहावाच लागतो. मुक्कामास ठेवलेल्या शिपायाला ती गरज नव्हती, हा फरक येथे निर्णायक ठरतो.

मराठीची बाजूही मात्र निर्दोष नाही. दीर्घकाळ चाललेल्या या छावणीत पाणी भरणारे, कपडे धुणारे, चहा करणारे लोक भगूर, संसरी, बेलतगव्हाण, वडनेर या आसपासच्या गावांतून येत असणार. त्यांनी साहेबाविषयी काय मत बनविले, त्याला काय नावे ठेविली, त्याच्या गाण्यांची कशी थट्टा केली, याची नोंद मराठी साहित्याने ठेवलेली दिसत नाही. १९४७ नंतर गोरे शिपाई गेले आणि बराकी नव्या माणसांनी भरल्या. नाशिककराने या साऱ्याला एकच शब्द दिला : 'कॅम्प'. शहर बसच्या पाटीवर तो आहे, पत्त्यात आहे, 'कॅम्पात राहतो' या रोजच्या वाक्यात आहे. तारेच्या कुंपणाआड कोण होते, याविषयी हा मराठी शब्दही 'डूलॅली'इतकाच मुका आहे.